लिंबाखालचे तीन दगड

फॉर्म मीच भरला. हे आधीच सांगून टाकते. मागाहून गावात ज्याला त्याला ते माझ्याच तोंडून ऐकायचं होतं, आन् मी काही लपवाछपवी करणारी बाई नाही. दहावीला मराठीत पंच्याहत्तर मार्क होते मला. सासरी येऊन अकरा वर्षं झाली, पण त्या मार्कांचा उपयोग राशनच्या अर्जाशिवाय कशालाच झाला नव्हता. म्हणून वैदेहीच्या शाळेतल्या निवेदिता मॅडमनी तो कागद हातात दिला तेव्हा मी हरखूनच गेले.

मॅडम परभणीच्या. रोज बसनं बोरीला उतरायच्या आन् तिथून आमच्या गावाला आटोनं यायच्या. मला म्हणल्या, "राजेश्रीताई, परभणीत एक प्रतिष्ठान आहे. गावोगाव सेवा करणाऱ्या मंडळांचा दरवर्षी सन्मान करतात. तुमच्या सासूबाईंचं काम ऐकून आहे मी. भरा हा फॉर्म. कामाचे दोन फोटो मात्र जोडायला लागतील."

माझ्या सासूचं, नर्मदाबाईचं, काम म्हणजे मयतीच्या घरी भाकरी न्यायचं.

आमच्याकडं माणूस गेलं की त्या घरची चूल पेटत नाही. अग्नी देऊन मंडळी परत येतात, कडुलिंबाचा पाला दाताखाली धरतात आन् बाहेरून आलेली भाकर खातात. त्याला कडू घास म्हणतात. भिंतीला भिंत लागून ज्याचं घर, त्यानं तो आणायचा ही जुनी रीत. पण आता निम्म्या घरांना कुलपं. पोरं पुण्याला, म्हातारी माणसं इथं. आन् पाहुणे मात्र सेलूहून, पूर्णेहून जीपा भरभरून येतात. शेजारणीच्या पाच भाकरी कुणाकुणाला पुरणार?

म्हणून आमच्या नऊ जणी. वार्ता कानावर आली की हातातलं खुरपं टाकायचं, आपापल्या घरचं पीठ आन् आपापला तवा घेऊन चौकातल्या लिंबाखाली यायचं. पहिली चूल तिथल्या तीन दगडांची, बाकीच्या विटांच्या. ते तीन दगड त्याच कामाचे. एरवी ते लिंबाच्या बुडाला टेकवून ठेवलेले असतात. त्यांच्यावर कुणी बसत नाही, लेकरं त्यांना हात लावत नाहीत.

आत्याबाईंचे, म्हणजे माझ्या सासूचे, नियम ठरलेले. बोलावण्याची वाट बघायची नाही. भाकरी दिल्या की तिथं बसायचं नाही. निघताना 'येते' म्हणायचं नाही. टोपलं परत घ्यायचं ते रिकामं, पालथं. आन् त्या दारात कुणी "लय केलं बाई" म्हणलं, तर ऐकूच आलं नाही असं करायचं. दुःखात आभार मानून घेणारी बाई आत्याबाईंच्या हिशेबी बाईच नव्हे.

हे सुरू कशानं झालं ते आख्ख्या गावाला माहीत आहे. वीस वर्षांमागं माझे सासरे मोटर चालू करताना शॉक लागून गेले. माझे मालक, हरिओम, तेव्हा बारा वर्षांचे. भिंतीपलीकडं किशनरावांचं घर. पण त्यांच्यात आन् आमच्यात धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, वाद लागलेला. नांगराची दोन तासं इकडं का तिकडं, एवढ्यावरून. किशनराव त्या दिवशी सकाळीच दाराला कुलूप लावून, बायको आन् म्हाताऱ्याला वावरातल्या आखाड्यावरच्या खोपटात पाठवून, सेलूला निघून गेले. पाहुणे उपाशी परत गेले. लेकरं पाणी पिऊन पडली. दिवेलागणीला गावाच्या दुसऱ्या टोकाहून दगडाबाई आली. मजुरी करून खाणारी, नवरा नसलेली बाई. पदराखाली पाच भाकरी आन् मिरचीचा ठेचा. त्या भाकरी केवढ्या होत्या ते आत्याबाई अजून वीत ताणून दाखवतात.

पुढच्या मयतीला ह्या दोघी मिळून गेल्या. मग तिसरी आली, चौथी आली. आन् मी लग्न होऊन आले तेव्हा नववी झाले.

फॉर्ममध्ये पहिलाच रकाना, मंडळाचे नाव. आता आमाला कुठलं नाव? गाव आमाला 'भाकरीवाल्या' म्हणतं. मी लिहिलं, 'अन्नपूर्णा महिला सेवा मंडळ'. वाचायला लय भारी वाटलं. अध्यक्ष, नर्मदाबाई. सदस्य नऊ. कार्याचे स्वरूप मी एवढं लिहिलं की मागून कागद जोडावा लागला.

अडलं ते फोटोवर. मयतीच्या दारात मोबाईल कोण काढणार? आन् शेवटची तारीख पितरपाठात आलेली.

त्या दिवशी आत्याबाई सोयाबीनला ताडपत्री बघायला वावरात गेल्या होत्या. आठ दिवस पाऊस चालूच, शेंगाला कोंब फुटायची पाळी आलेली. पाऊस घटकाभर थांबला तसं मी बायांना घरोघर जाऊन गोळा केलं. म्हणलं, चला, नुसत्या भाकरी करायच्या आन् फोटो काढायचा.

दगडामावशी लिंबापाशी येऊन थबकली. "राजे, मयत न्हाई, काय न्हाई, आन् ह्ये दगड कामून काढायलीस?"

"मावशे, विटांची चूल फोटोत खरी दिसत न्हाई."

"पितरपाठात मयतीची चूल पेटवतेत का गं?"

"आगं, भाकरीच हायत त्या. बाँब हाय का?"

बाया हसल्या, आन् हसल्या म्हणजे बसल्या. मी तीन दगड मांडले, घरातल्या कोरड्या, कापसाच्या पऱ्हाट्या पेटवल्या, काटवटीत पीठ मळलं. नवी साडी नेसून, पदर खोचून भाकर थापतानाचा माझा फोटो हरिओमनी तीनदा काढला, कारण दोन वेळा मीच डोळे मिटले. अठरा भाकरी झाल्या.

फोटो झाला आन् मग प्रश्न पडला, ह्या भाकरींचं काय करायचं? एकही बाई घरी न्यायला तयार नव्हती. "नको माय, ती त्या चुलीवरची हाय," म्हणून एकेक जण तवा उचलून चालती झाली. दगडामावशी तर माझ्याकडं न बघताच गेली. मी हट्टानं तिथंच बसून दीड भाकर खाल्ली.

आत्याबाई वावरातून आल्या त्या चौकातूनच. दगड अजून गरम होते. त्यांनी एका दगडाला हाताचा मागचा भाग लावून बघितला.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी न्हाई, आत्याबाई. फोटोसाठी…"

"फोटूसाठी." डोक्यावरची ओली ताडपत्री त्यांनी खाली टाकली. "मग मढं कामून आणलं न्हाईस? तेबी आणायचं हुतंस. फोटू आनखी खरा आला असता."

त्या ओरडल्या असत्या तर मीही ओरडले असते. भांडण मला जमतं. पण साडेसोळा भाकरी त्यांनी उचलल्या, बैलांपुढं टाकल्या, आन् जेवायला वाढून घेतलं ते स्वतःच्या हातानं. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

मी फॉर्म तरीही पाठवला. चिडून पाठवला, हेही सांगते.

चवथ्या दिवशी व्यंकटराव तात्या गेले.

किशनरावांचे वडील. चौऱ्याऐंशी वर्षांचे. उन्हाळ्यापासून अंथरुणाला खिळलेले, पोळ्याला तर दोनदा शेवटचं म्हणून खाली काढून ठेवलेले. म्हातारा आज जातो का उद्या, हे वाणीसुद्धा विचारायचा. पण गेले ते माझ्या फोटोच्या चवथ्या दिवशी. झालं! नऊ वाजेपर्यंत गावभर झालं. हरिओमनी मारोतीच्या पारावरून येऊन सांगितलं, "किशनराव म्हणायलेत, मयत नसताना चूल पेटवून त्या राजेश्रीनं माझ्या बापाला बोलावून घेतलं. त्या टोळीची एकबी भाकर माझ्या दारात आली न्हाई पायजे. सेलूचे मेव्हणे जेवण घेऊन यायलेत."

मला आधी राग आला, मग हसू आलं, आन् मग मी उंबऱ्यातच खाली बसले. कारण तात्या मला राजी म्हणायचे. धुऱ्याचा वाद होता तो किशनरावांशी. तात्या भिंतीवरून वैदेहीला सीताफळं द्यायचे, किशनरावांचं लक्ष नाही असं बघून. मागच्या महिन्यातच मी भिंत ओलांडून त्यांना भाताची पेज भरवली होती.

त्या दिवशी आठवड्यात पहिल्यांदा ऊन पडलेलं. सगळ्या बायांनी सोयाबीन काढायचं गुत्तं, ठेका, घेतलेलं. ऊन आहे तोवर कापून उलथंपालथं केलं नाही तर काळं पडणार, आन् शेतमालक दुसरी टोळी बघणार. मला वाटलं, आज कुणी येणार नाही. किशनरावांनीच नको म्हणलंय, मग वाईट कशाला व्हा?

आत्याबाईंनी डब्यातून ज्वारीचं पीठ काढलं, तवा काखेत मारला आन् निघाल्या.

"आत्याबाई, नको म्हणलंय त्यांनी."

"त्याचा बाप गेलाय. आज त्याच्या बोलण्याला धरायचं नसतंय."

"वीस वर्षांमागं त्यांनी…"

"म्हणूनच," त्या म्हणल्या. "उपाशी लेकरू कसं रडतंय ते मला ठावं हाय. त्याला न्हाई ठावं."

लिंबाखाली बाया आल्या. सगळ्या आल्या. गुत्तं टाकून, पायाला चिखल तसाच घेऊन. पण मी काटवटीपाशी बसायला गेले तर दगडामावशीनं काटवट स्वतःकडं ओढून घेतली.

"राजे, तू बाजूला हो. तुझा हात लागला म्हणल्यावर तिथं कुणी खायाचं न्हाई."

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या पीठ चाळायलाल्त्या, चाळतच राहिल्या. जीव तुटला माझा. नऊ जणींत ज्वारीची भाकर माझ्याएवढी पातळ कुणाची होत नाही, आन् मी उभी राहिले जळतणापाशी, दांडगट गड्यासारखी.

जळतण भिजलेलं. पऱ्हाट्या नुसत्या धुमसायलाल्त्या. बायांच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. मग मी घरी गेले, कुऱ्हाड आणली, आन् आमच्या गोठ्यातली कोरडी बाभळीची खोडं फोडायला लागले. ती खोडं आत्याबाईंनी नव्या दाराच्या चौकटीसाठी ठेवलेली. विचारलं नाही कुणाला. दोन तास फोडत होते. फोडायची आन् टोपल्यानं लिंबाखाली न्यायची. उजव्या तळव्याला फोड आला, फुटला, कुऱ्हाडीचा दांडा चिकट झाला. कोरडी बाभूळ लागली तशी चूल नीट पेटली. धग वाढली, थपथप आवाज सुरू झाला, भाकरी फुगायला लागल्या. आत्याबाईंनी मान वर करून लाकडाकडं बघितलं. ओळखली त्यांनी चौकट. मागं सरकून मला सावलीला जागा केली.

एकशेतीस भाकरी, दोन घागरी वरण. दुपारचे दोन वाजून गेलेले. मंडळी अग्नी देऊन परत आली होती. सेलूच्या मेव्हण्यांचा पत्ता नव्हता. त्यांचा फोन लागायलाच तयार नव्हता.

आमी टोपली डोक्यावर घेऊन निघालो. मी सगळ्यांत मागं, वरणाची घागर घेऊन. किशनरावांच्या दारात सत्तर-ऐंशी माणूस. लिंबाचा पाला चघळून तोंडं कडू झालेली. लेकरं आईच्या पदराला ओढायलाल्ती. किशनराव उंबऱ्यात उभे. अंगावर ओलं धोतर, डोकं भादरलेलं. एवढा आडदांड माणूस केस नसताना लहान दिसत होता.

आत्याबाईंनी पहिलं टोपलं त्यांच्या पायापाशी ठेवलं.

"वैनी, उचला ते. सांगून पाठवलं हुतं म्या."

"तुमी सांगितलं, आमी ऐकलं. ठिवायचं काम आमचं. खायाचं न खायाचं तुमचं."

"ज्या चुलीनं माझ्या बापाला नेलं, त्या चुलीची भाकर मी खाऊ?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. कुणी काही बोलायच्या आत माझंच तोंड सुटलं. आयुष्यभर हीच खोड.

"किशनभाऊ, चूल म्या पेटवली. एकटीनं. ह्या बाया माझ्या नादाला लागून आल्त्या, त्यांना बोलू नका. पितरपाठात ते दगड हलवले, चुकलं माझं. फोटोत मिरवायचं हुतं मला. सगळ्यांसमोर म्हणायलेय, चुकलं. पण तात्याला मी बोलावीन का हो? मला राजी म्हणून हाक मारणारं ह्या गावात दुसरं कुणी न्हाई आता." घागर डोक्यावर असल्यामुळं डोळे पुसता येईनात.

तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या सगुणाबाई बोलल्या. ह्या किशनरावांच्या मोठ्या बहीण, पूर्णेला दिलेल्या. सकाळची रेल्वे धरून परभणीला आन् तिथून जीपनं आल्या होत्या.

"किसन, बाबा उन्हाळ्यापासून पडून हुते. मागच्या खेपंला माझा हात धरून म्हणले, सगुणे, देवाला सांग, आता सोडीव. देवानं माझं ऐकलं, आन् तू ह्या पोरीचं नाव घेयलास?" त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मला साखर हाय रं. सकाळी सुई टोचून निघालेय, पोटात पाण्याबिगर काय न्हाई. डोळ्यांपुढं अंधारी यायलीय. तू घास घेतल्याबिगर मला घेता येईना. मला घालवायचं हाय का आज बाबामागं?"

अग्नी देणाऱ्यानं पहिला घास घ्यायचा, त्याच्याआधी घरातल्या कुणी खायचं नाही, ही रीत. आख्खं अंगण किशनरावांच्या तोंडाकडं बघायला लागलं.

आत्याबाईंनी एक भाकर काढली, कोर मोडली, वरणात बुडवली. मला वाटलं त्याच देतील. पण त्यांनी मागं वळून हाक मारली.

"राजे, घागर ठिव. हिकडं ये."

मी गेले.

"हिच्या हातून घ्या," त्या किशनरावांना म्हणल्या. "हिनं आज माझ्या दाराची चौकट फोडून चुलीत घातलीय, तुमच्या माणसांसाठी. घ्यायचं तर हिच्या हातून. न्हाईतर आमी टोपली ठिवून चाललो."

त्यांनी कोर माझ्या हातात दिली. वरण फुटलेल्या फोडावर गेलं आन् आग आग झाली, पण हात मी हलवला नाही. किशनरावांनी माझ्या तळव्याकडं बघितलं. मग त्यांनी तोंड उघडलं, तात्या पेज घ्यायला उघडायचे तसंच. मी घास दिला. त्यांच्या दाढा हलल्या आन् डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. बाप गेल्यापासून तो माणूस तेव्हा पहिल्यांदा रडला.

मग कुणाला वाढायला सांगावं लागलं नाही. सगुणाबाईंना दगडामावशीनं स्वतः भाकर मोडून दिली. आन् मला म्हणली, "हात धू आन् वाढ की. उभी काय ऱ्हायलीस?"

सगळ्यांचं होत आलं तशा आमी निघालो. 'येते' न म्हणता. किशनराव आत्याबाईंमागं दारापर्यंत आले. "वैनी," ते हळूच म्हणले, "त्या साली म्या…"

"मला काय ऐकू यायला न्हाई," आत्याबाई म्हणल्या आन् चालायला लागल्या.

बायांचं गुत्तं त्या दिवशी गेलंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन पडलं म्हणून दुसरं मिळालं, नाहीतर दसरा कोरडाच जायचा. तेरावं झालं. आन् त्याच दिवशी दुपारी निवेदिता मॅडमचा फोन. आमच्या मंडळाची निवड झाली होती. चार दिवसांनी परभणीला कार्यक्रम.

मी नाहीच म्हणून सांगणार होते. तो कागद मला पुन्हा बघायचाच नव्हता. पण आत्याबाईंनी ऐकलं होतं. "नऊच्या नऊ जणींनी जायाचं," त्या म्हणल्या. "नाव काय दिलंस म्हणलीस?"

"अन्नपूर्णा महिला सेवा मंडळ."

"मायबाई!" त्या म्हणल्या आन् पदर तोंडाला लावून हसल्या. सोळा दिवसांनी माझ्याशी हसल्या.

परभणीत मोठा हॉल, लाल खुर्च्या. आणखी बरीच मंडळं आलेली. कुणी रक्त देणारी पोरं, कुणी पुरात माणसं काढणारे, एक तर मोकाट गुरांना पाणी पाजणारं म्हातारं जोडपं. त्यांच्यापुढं आमी नऊ जणी लुगड्या-साड्यांत अवघडून बसलेल्या. आमचं नाव पुकारलं, आमी स्टेजवर गेलो, आन् मागच्या पडद्यावर माझा तो फोटो लागला. भिंतीएवढा. नवी साडी, थापलेली भाकर, खाली ते तीन दगड. मला वाटलं, इथंच जमीन फाटावी.

सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी आत्याबाईंपुढं माईक धरला. "दोन शब्द बोला, आजी."

आत्याबाईंनी पडद्याकडं बघितलं, माईककडं बघितलं. "ह्यो फोटू खोटा हाय," त्या म्हणल्या.

पहिल्या रांगेत निवेदिता मॅडमनी तोंडावर हात ठेवला.

"त्या दिवशी कुणी गेलं नव्हतं. मयतीच्या घरी फोटू काढत न्हाईत, म्हणून ह्या पोरीनं नुसतीच चूल पेटवली. लय बोलणी खाल्ली तिनं त्याची. पण ती पोर खरी हाय. आमी नऊ खऱ्या हाव. ज्या दिवशी खरं काम हुतं, त्या दिवशी तिच्या हाताला फोड आल्ते, त्याचा फोटू कुणापाशी न्हाई." त्यांनी माझा हात धरून वर केला. तळव्यावर अजून काळा डाग होता. "एवढंच. आमाला बोलता येत न्हाई."

टाळ्या किती वाजल्या ते मला सांगता येत नाही. मी खाली मान घालून रडत होते आन् दगडामावशी मला कोपरानं ढोसत होती, "आगं, शालीत शेंबूड पुसू नको."

कारण शाल एकच होती, आन् ती कुणाच्या अंगावर टाकायची ह्या गोंधळात बाईंनी ती माझ्याच खांद्यावर टाकलेली. परतीच्या बसमध्ये तिच्यावरून बोरीपर्यंत वाद झाला. शेवटी आत्याबाईंनी निकाल दिला. दगडाबाईला थंडी वाजते, शाल तिची. ती पितळेची ढाल मात्र कुणीच नको म्हणाली, घासायला लागते म्हणून. ती माझ्या टीव्हीवर आहे.

गावात उतरलो तेव्हा दिवेलागण झालेली. सकाळी चहा पिऊन निघालेल्या आमी, जेवणाचं पाकीट कुणाला मिळालं, कुणाला नाही. पाय ओढत घराशी आलो तर आमच्या ओट्यावर किशनराव बसलेले. पुढं टोपलं. आमचंच, मयतीच्या दिवशी त्यांच्या दारात ठेवलेलं. तेराव्याला सगळी टोपली परत आली होती, हे एकच आलं नव्हतं.

ते पालथं नव्हतं. त्याच्यावर स्वच्छ कापडी दस्ती टाकलेली.

"वैनी," किशनराव उठून उभे राहिले. डोक्यावर केसांची खुंटं आलेली. "तुमच्यात आज चूल पेटली नसंल म्हणलं."

आत्याबाई उभ्याच राहिल्या.

"त्या साली म्या कुलूप लावून गेलो. सेलूला काय काम नव्हतं मला. दिवसभर टेसनावर बसून हुतो. गाड्या बघत. घरी यायाचं तोंड हुईना." त्यांनी उपरण्याचं टोक हातात चुरगाळलं. "वीस वर्षं झाली, भिंतीकडं बघितलं की ते आठवतंय. चुकलं माझं, वैनी."

आमी नऊ जणी रस्त्यात उभ्या. दगडामावशी शाल धरून. मला वाटलं, आत्याबाई आता म्हणतील, ऐकू यायला न्हाई. नियमच तो. पण हे मयतीचं दार नव्हतं. हे आमचं होतं.

"आलं ऐकू," आत्याबाई म्हणल्या. त्यांचा आवाज फाटला. त्यांनी वाकून टोपलं उचललं आन् दस्ती बाजूला केली. "ह्या कुणी केल्या?"

"म्याच."

"तुमी?"

"मालकीण करू लागली हुती. म्हणलं न्हाई, ह्या म्याच थापतो. ती हसायलीय तिकडं बसून."

"बसा," आत्याबाई म्हणल्या. "बसा गं सगळ्या. राजे, कांदा फोड. ठेचा हाय का बघ. किशनभाऊ, तुमीबी जेवूनच जायाचं."

ओट्यावर, पायरीवर, जिथं जागा मिळेल तिथं बसलो. धुऱ्याचं कुणी बोललं नाही. तो तसाच आहे, पेरणीला पुन्हा निघेल. भाकरी अंगठ्याएवढ्या जाड होत्या, कडा फाटलेल्या, एका बाजूनं पार करपलेल्या. एकही उरली नाही.